बी रुजवायला काळी माती नकोच!

गच्चीबाग, सांगली
मिरची-टोमॅटोचं बी टाकायची वेळ आली की आपल्याकडं बरेच जण नदीकाठची काळी माती रोपांच्या ट्रेत भरून मोकळे होतात. माझं स्पष्ट मत आहे, असं करू नका. ऊसाला ती चांगली, पण ट्रेच्या एवढ्याशा कप्प्यात ओली झाली की चिकट गोळा होतो, वाळली की वर पापडी धरते आणि कोंब खालीच अडकतो. तीन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चाळलेलं गांडूळखत घ्या. लावणीच्या वेळी रोप मुळांसकट अलगद निघतं.

वाळव्याचा शेतकरी
दादा, कोकोपीटात रोपाला खायला काय असतं? केरळ-तमिळनाडूचा काथ्याचा भुसा विकत आणायचा आणि दारची माती टाकून द्यायची, हे मला पटत नाही. गादीवाफा मीटरभर रुंद, वीतभर उंच करा, कुजलेलं शेणखत मिसळा. पाणी साचत नाही, रोपंही दणकट होतात. दोष पाणी देण्याच्या पद्धतीचा आहे, मातीच्या माथी का मारता?

गच्चीबाग, सांगली
गच्चीवर गादीवाफा कुठून आणू, काका? खायचं म्हणाल तर म्हणूनच गांडूळखत घालतो. आणि कृष्णाकाठची किती जमीन जादा पाण्यानं क्षारपड झालीय, ते तुम्ही रोज बघता. त्या मातीत बी उगवणार कसं?

परसबाग, वाई
क्षार कोकोपीटातही असतात. ते गोड्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन घेतलं नाही तर पानांच्या कडा करपतात, हे विकणारे सांगत नाहीत. रोपं बुडाशी पिचून आडवी पडतात, ती पिथियमसारख्या बुरशीमुळं. वाफा करणाऱ्यांनी एप्रिल-मेच्या उन्हात ओल्या वाफ्यावर पारदर्शक प्लास्टिक 4 ते 6 आठवडे घट्ट अंथरावं, मग ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, मिसळावी. आणि कृपा करून मुळा, गाजर ट्रेत लावू नका. सोटमूळ दुखावलं की गाजराला फाटे फुटतात.

वाळव्याचा शेतकरी
ताई, प्लास्टिकचं अगदी बरोबर. क्षारपड रानात वाफा मीही करणार नाही, आधी माती तपासून घेईन. पण कांद्याचं बोला. एकरी अडीच लाखांच्या आसपास रोपं लागतात. 98 कप्प्यांचे अडीच हजारांवर ट्रे झाले. ते भरायचे कुणी, ठेवायचे कुठं? मिरची-टोमॅटो ट्रेत करा, माझी हरकत नाही. कांद्याला मातीच पाहिजे.