पोस्टग्रेस घेतलं की लॉक-इन संपलं?

बरेचदा म्हटलं जातं की पोस्टग्रेस हा ओपन सोर्स डेटाबेस घेतला की लॉक-इन, म्हणजे एकाच कंपनीत अडकून पडणं, संपलं. हे अर्धंच खरं. ओरॅकल कंपनीचा डेटाबेस सोडताना टेबलं सहज हलतात, अडकतं ते पीएल/एसक्यूएलमध्ये, म्हणजे ओरॅकलच्या स्वतःच्या भाषेत लिहिलेल्या कोडमध्ये. शिवाय ओरॅकल रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) नल, म्हणजे ‘मूल्यच नाही’, असं मानतं, पोस्टग्रेस मानत नाही. दोन उभ्या रेघांनी (||, मजकूर जोडायचं चिन्ह) नावाला नल जोडला तर ओरॅकलमध्ये नाव उरतं, पोस्टग्रेसमध्ये सगळंच नल. एरर येतच नाही, मधलं नाव नसलेल्यांची पूर्ण नावं रिपोर्टमधून गायब होतात! तिथे कॉन्कॅट (नल वगळून जोडणारं फंक्शन) किंवा कोअलेस (नलच्या जागी दुसरं मूल्य देणारं) वापरा. ओरॅकलची पॅकेजेस (एकत्र बांधलेला कोड) फोडून स्कीमा (डेटाबेसमधले कप्पे) आणि फंक्शन्स करावी लागतात. या कामाचा अंदाज ओराटूपीजी हे स्थलांतराचं टूल देतं.

आणि क्लाउडवरच्या मॅनेज्ड (कंपनीच सांभाळते अशा) पोस्टग्रेसमध्ये बहुतेक ठिकाणी सुपरयुजर, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं, मिळत नाही. बाहेर पडायला पीजी-डंप (सगळा डेटा फाइलमध्ये काढणारं टूल) किंवा लॉजिकल रेप्लिकेशनच (बदल सतत दुसऱ्या डेटाबेसकडे पाठवणं) उरतं. करार करण्याआधी डंप दुसऱ्या मशिनवर रिस्टोअर करून बघाच.