नार्निया: गोष्ट की प्रवचन?

चिंगीची_आई: काल लेकीसोबत नार्नियाचा पहिला पिक्चर (2005 चा) परत बघितला, लहानपणी कळलं नव्हतं पण त्यातला सिंह अस्लान मरतो आणि परत जिवंत होतो हे सरळ येशूचंच आहे की, मग हा पिक्चर गोष्ट सांगतोय की धर्म शिकवतोय? ठरवायचं कसं?

रिकामटेकडा: लेकीला विचारा ना आधी. सिंहासाठी रडली असेल तर गोष्ट जिंकली. त्यातला पोरगा एडमंड मिठाईपायी भावंडांना दगा देतो हे कळायला बायबल कशाला लागतंय

जुनं_खोड: नार्नियाची पुस्तकं लिहिणाऱ्या सी. एस. लुईसने स्वतःच लिहून ठेवलंय की आधी डोक्यात चित्रं आली, बर्फात छत्री घेतलेला फॉन (अर्धा माणूस, अर्धा बोकड) वगैरे, धर्म नंतर आपोआप शिरला. उलट गोल्डन कंपास बघा, 2007 चा पिक्चर. मूळ कादंबरीत चर्चवर टीका होती ती पार पातळ केली, वर शेवटची प्रकरणंही उडवली, आणि उरलं काय तर अस्वलांची मारामारी (ती मात्र एक नंबर). म्हणजे विचार काढला की गोष्ट सुधारतेच असंही काही नाही

चिंगीची_आई: विचारलं. म्हणाली तो सिंह आपल्या घरी आणायचा का