मदत हवी आहे: स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या पृष्ठभागावरची मेटॅलिक स्टेट खरी की बीमनं (मोजमापाच्या फोटॉन झोतानं) तयार झालेली?

नमस्कार मंडळी, मी नांदेडचा, पीएचडी चालू आहे, ऑक्साइडवर फोटोएमिशन (प्रकाश पाडून बाहेर येणारे इलेक्ट्रॉन मोजणं) करतो. इथं कोणी आर्पेस (इलेक्ट्रॉनची एनर्जी आणि कोन दोन्ही मोजणारं फोटोएमिशन) केलेलं असेल तर प्लीज जरा सांगा.

स्ट्रॉन्शियम टायटनेट म्हणजे तसा इन्सुलेटर, बँडगॅप ३.२ ईव्हीच्या (इलेक्ट्रॉन व्होल्टच्या) आसपास, तरीपण व्हॅक्यूममध्ये क्लीव्ह केलेल्या (क्रिस्टल तोडून ताज्या उघड्या केलेल्या) पृष्ठभागावर २ डी इलेक्ट्रॉन गॅस (पृष्ठभागालगतच मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन) दिसतो हे २०११ पासून माहीत आहे. मला पण फर्मी लेव्हलपाशी (भरलेल्या इलेक्ट्रॉन पातळ्यांच्या वरच्या सीमेपाशी) स्टेट दिसतेय, पण बीम एकाच जागी ठेवला की तिची इंटेन्सिटी वाढतच जाते, आणि सोबत फर्मी लेव्हलच्या १.३ ईव्ही खाली तो चपटा, अजिबात डिस्पर्स न होणारा (कोन बदलला तरी एनर्जी न बदलणारा) हंप पण वाढतो. टायटेनियम २पी मध्ये (टायटेनियमच्या आतल्या इलेक्ट्रॉनच्या स्पेक्ट्रममध्ये) मेन पीकच्या कमी बाइंडिंग एनर्जीच्या बाजूला छोटा खांदा निघालाय, मनून ऑक्सिजन व्हेकन्सीच (ऑक्सिजन अणू निघून गेलेल्या रिकाम्या जागाच) असणार असं मला पक्कं वाटतं.

आता माझा खरा प्रश्न असा की बीम पडायच्या आधी क्लीव्हमुळंच किती व्हेकन्सी होत्या आणि बीमनं किती केल्या, हे वेगळं कसं काढायचं? दर वेळी नवीन स्पॉट घेऊन पहिलाच स्कॅन वापरायचा म्हणलं तर स्टॅटिस्टिक्स लई कमी येतं. ऑक्सिजनचा बारीक डोस सोडून स्टेट दाबता येते, पण किती प्रेशरला थांबायचं, चार्जिंग (इन्सुलेटर नमुन्यावर चार्ज साचणं) सुरू होण्याआधी? फोटॉन एनर्जी बदलून डिस्पर्शन हलत नाही हे दाखवलं तर स्टेट २ डी आहे एवढंच कळतं, कशामुळं आली ते नाही ना कळत. सर, ताई, कोणी स्वतः हे केलं असेल तर तुमची पद्धत सविस्तर लिहा, पुढच्या बीमटाइमच्या (बीमवर मिळणाऱ्या ठरावीक वेळेच्या) आधी ठरवायचंय.