मदत हवी आहे: आईसाठी सोबत आणि मुलांसाठी चादरी (सोलापूर)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं केनियात एल्डोरेटजवळच्या मिशन शाळेत स्वयंसेवक म्हणून गणित शिकवतेय. तिथलं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं, म्हणून नाताळला महिनाभर सोलापूरला घरी येते.

एल्डोरेट सुमारे २१०० मीटर उंचीवर आहे. जून-जुलैत वसतिगृहातली मुलं अक्षरशः कुडकुडतात. त्यांच्यासाठी १२ सोलापुरी चादरी न्यायच्यात, उबदार पण वजनाला हलक्या. थेट कारखान्यातून कुठे मिळतील? शेंगा चटणी तर नेणारच. शेंगदाण्याला तिथे ‘करांगा’ म्हणतात, आणि मुलं उगालीबरोबर (मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा) ती चटणी आवडीने खातात.

पण खरा प्रश्न आईचा आहे. ती ७१ वर्षांची, घरात एकटी. मागच्या वेळी मी निघाले तेव्हा काही बोलली नाही, फक्त कडक भाकऱ्या बांधून दिल्या. आता तिला बारीक अक्षरं दिसत नाहीत. संध्याकाळी मराठी बायबल वाचून दाखवेल, रविवारी हात धरून चर्चला नेईल असं विश्वासू माणूस हवंय. पैसे देईन. सोलापुरात तुम्ही कुणी आईवडिलांसाठी अशी सोय केली आहे का? माणूस कसं शोधलंत?