एचडी ४९० प्रो आलाय : बघून पहिल्यांदा काय वाटलं ते लिहा

सेनहायझरने २०२४ च्या जानेवारीत एचडी ४९० प्रो हा स्टुडिओसाठीचा हेडफोन जाहीर केला. अख्खा कान झाकणारा, ओपन-बॅक (म्हणजे कपाची मागची बाजू उघडी, आवाज आतबाहेर जातो), १३० ओहम (हा आकडा मोठा असला की साधारणपणे चालवायला जास्त जोर लागतो), वजन २६० ग्रॅम, परदेशातली तेव्हाची किंमत ३९९ डॉलर. आपल्यापैकी कुणी अजून ऐकलेला नाही हे धरूनच धागा काढतोय, कारण ऐकायच्या आधी आपण कशावर भुलतो आणि कशाला नाक मुरडतो तेच मला वाचायचंय. सोबत सध्या काय वापरता आणि पुण्यात कुठे बसून वापरता तेही येऊ द्या. नुसतं 'भारी' किंवा 'महाग' नको.

सुरुवात मीच करतो. घरून जिंगल आणि छोट्या फिल्म्सचं मिक्सिंग करतो, म्हणजे वेगवेगळे आवाज जुळवून एक करतो. माझी नजर गेली ती पॅडवर, बॉक्समध्ये दोन जोड्या येतात, एक प्रोड्युसिंगसाठी, एक मिक्सिंगसाठी, आणि दोन्हींनी आवाज बदलतो असं कंपनीच म्हणते. आधी मजा वाटली आणि मग डोक्यात आलं की क्लायंटला पाठवताना मी कुठल्या जोडीवर विश्वास ठेवू? पॅड बदलला की बास बदलतो हे आपल्याला माहितीच आहे, पॅडची जाडी, कापड, कान आणि ड्रायव्हरमधलं (आतल्या छोट्या स्पीकरमधलं) अंतर, सगळ्याचा फरक पडतो. पण ते ऑफिशियली दोन तोंडांचं करून देणं मला अजून पचत नाहीये.

कर्वेनगर, व्हॉइसओव्हर

माझं मत एका ओळीत संपतं, ओपन-बॅक म्हणजे माझ्या कामाचा नाही. मी माइकसमोर बसून ऑडिओबुक वाचते, हेडफोनमधून बाहेर सांडलेला आवाज माइकने पकडला की गेला टेक. शिवाय शेजारचा कुकर, भंगारवाला, खालच्या गल्लीत रिव्हर्स घेणारा टेम्पो, हे सगळं ओपनमधून आत येणार. मला क्लोज्डच लागतो. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० वापरते, ८० ओहमवाला, मे महिन्यात कान उकडतात पण करणार काय, पंखा लावला तर तोही रेकॉर्ड होतो.

पण एक सांगू का, पॅड धुता येतात हे वाचून मी खरंच हळहळले. ही सोय क्लोज्डमध्ये कधी देणार हे लोक?

सदाशिव पेठ, शास्त्रीय संगीताचं रेकॉर्डिंग

ताईंचं बरोबर आहे, रेकॉर्डिंगला क्लोज्ड आणि नंतर ऐकायला ओपन, ही वाटणी जुनीच आहे. मी एचडी ६०० वर काम करतो, मॉडेल १९९७ चं, ३०० ओहम, लॅपटॉपच्या भोकात घातला तर नुसता कुजबुजतो, अँप लागतोच. त्यामुळे १३० ओहम बघून मला बरं वाटलं, ऑडिओ इंटरफेसवर (लॅपटॉपला जोडायच्या रेकॉर्डिंगच्या डबीवर) आरामात चालायला हवा.

मला या हेडफोनकडून नक्की काय पाहिजे ते सांगतो, कारण परदेशी रिव्ह्यूवाले ड्रमच्या किकवर आणि बास गिटारवर बोलतात आणि आपलं काम तिथे नसतं. तानपुऱ्याची जवारी (तारेखालच्या दोऱ्याने येणारा झंकार) नीट लागलीये का हे ऐकायला वरच्या स्वरांशांची जाळी उघडी दिसावी लागते. हेडफोन तिथे जरा जरी चमकवत असला तर वाईट जवारीसुद्धा गोड वाटते आणि स्पीकरवर लावलं की ती खरखरते. मग डग्गा, तबल्यातला डावा. घुमकीला मनगट घसरताना सूर चढतो, तो चढ ऐकू आला पाहिजे, नुसता 'धुम्म' नको. बहुतेक ओपन हेडफोन खाली जाता जाता बास सोडत जातात, एचडी ६०० पण सोडतो, मी ते मनात धरून काम करतो. नव्याचा बास जास्त खोल जातो असा दावा आहे. जात असेल तर डग्ग्यासाठी मी घेईन. आणि गायकाचा श्वास, पेटीच्या भात्याचा आवाज, हे सगळं किती पुढे येतं तेही बघायचंय, कारण सवाईसारख्या मोठ्या मांडवात बसून ऐकणाऱ्याला भाता ऐकूच येत नाही आणि हेडफोनवाल्याला तो कानाशी ऐकू येतो, मग मिक्स कुणासाठी करायचा यावर आमची कायम भांडणं.

जाता जाता, एचडी ६०० आता या घरातला राहिला नाही. घरगुती हेडफोनचा धंदा सेनहायझरने सोनोव्हा या दुसऱ्या कंपनीला विकला, व्यवहार २०२१ मध्ये जाहीर झाला. प्रो विभाग मूळ कंपनीकडेच राहिला. म्हणजे ४९० हा एका अर्थी ६०० चा चुलतभाऊ, सख्खा नाही.

हिंजवडी

मी नुसता ऐकणारा माणूस, मिक्सिंग वगैरे काही येत नाही. ब्लूटूथ नाही, नॉइज कॅन्सलिंग नाही, माइक नाही आणि ३९९ डॉलर, म्हणजे २०२४ च्या सुरुवातीच्या दराने ड्युटी न धरताच ३३ हजाराच्या आसपास, बायकोला काय सांगू? पण दिसायला साधा आहे, ते आवडलं. लाल-निळे दिवे नाहीत, गेमिंगची शिंगं नाहीत. ऑफिसच्या बसमध्ये ओपन-बॅक घातला तर शेजारचा माझं गाणं ऐकेल आणि मी त्याचा फोनकॉल, त्यामुळे घरीच. सेल लागेपर्यंत थांबतो.

एफटीआयआयजवळ, साउंडचा विद्यार्थी

आमच्याकडे सगळ्यांच्या गळ्यात सोनीचा ७५०६ हेडफोनच दिसतो. १९९१ चं डिझाइन, ६३ ओहम, गुंडाळीची केबल, निळी पट्टी, आणि अजून लोकेशनवर तोच, कारण प्रत्येकाला त्याचा आवाज पाठ आहे, त्यात ठीक वाटलं की पुढे ठीक. नवीन हेडफोनला हा पाठ नसतो, तो कमवायला वर्षं जातात, म्हणून मला नव्या घोषणांचं फार कौतुक नाही. ४९० ची फ्रिक्वेन्सी ३६ किलोहर्ट्झपर्यंत लिहिलीये, माणूस तरुणपणी २० पर्यंत ऐकतो, बाकी काय वटवाघळांना मिक्स ऐकवायचाय का?

पण केबलवर मात्र फिदा. डाव्या किंवा उजव्या, कुठल्याही बाजूला लावता येते, आणि टोकाशी एक छोटं वेटोळं दिलंय, म्हणजे केबल शर्टावर घासली की कानात 'खर्र' व्हायला नको. हे ज्याने सुचवलं तो नक्की कुठेतरी बूम (माइकचा लांब दांडा) धरून उभा राहिलेला माणूस असणार. फक्त कनेक्टर मिनी एक्सएलआर आहे, चार पिनचा. तुटला तर तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळेल का, कुणी सांगेल?

बिबवेवाडी

मिनी एक्सएलआरचं माहीत नाही पण सोल्डरिंग करून देणारे तिथे आहेत, पिन तुम्ही आणायची. ४९० च्याच प्लसवाल्या पॅकमध्ये जादा केबल आणि केस मिळते, ती एकदा हिशोबात धर.

कोथरूड, निवृत्त

मुलांनो, मी साठी ओलांडलीये, माझे कान १२ किलोहर्ट्झच्या वर काही सांगत नाहीत, त्यामुळे ३६ चं हसू आलं. मला चष्मा आहे. चष्म्याच्या दांड्यावर पॅड दाबला की अर्ध्या तासात कानशील दुखतं आणि दांडीपाशी फट राहून बास गळतो तो वेगळाच. यांच्या माहितीत चष्मेवाल्यांसाठी पॅडमध्ये मऊ जागा ठेवलीये असं म्हटलंय. खरं असेल तर माझ्या लेखी बाकी सगळे आकडे एकीकडे आणि हे एकीकडे. कुणी घेतला तर चष्मा घालून दोन तास बसून बघा आणि मगच लिहा, पाच मिनिटांत सगळेच हेडफोन मऊ लागतात.

विश्रांतवाडी, इलेक्ट्रॉनिक म्युझिक

काका, चष्म्याचा मुद्दा एक नंबर. मी मात्र सोबत मिळणाऱ्या प्लगिनसाठी (मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या जादा सॉफ्टवेअरसाठी) थांबलोय, डिअर-व्हीआर मिक्स. हेडफोनमध्ये स्टुडिओची खोली उभी करतं म्हणतात. माझी खोली दहा बाय दहा, एका भिंतीला कपाट, एका भिंतीला आजीचा देव्हारा, स्पीकर लावले की कोपऱ्यात बास साचतो, भिंतींना आवाज शोषणारी ट्रीटमेंट करायची तर घरमालक खिळा ठोकू देत नाही. तर खोटी का होईना, बरी खोली मिळत असेल तर मला चालेल. मिक्सिंगसाठीच ओपन घ्यायचा तर सोनीचा एमव्ही१ पण आहे, २०२३ चा, २२३ ग्रॅम, हलका. दोन्ही शेजारी ठेवून ऐकल्याशिवाय मी पैसे काढणार नाही.

सदाशिव पेठ

मग ऐकूया की. पुण्यात ज्याच्याकडे ४९० पहिल्यांदा येईल त्याने इथे कळवा, मी माझा एचडी ६०० आणि अँप घेऊन येतो. तानपुरा आणि तबल्याचं कच्चं रेकॉर्डिंगही आणतो, कुठलीही प्रक्रिया न केलेलं. जागा शांत पाहिजे, आणि जुलैच्या आत उरका, नंतर नदीकाठी ढोलपथकांची प्रॅक्टिस सुरू झाली की ओपन-बॅक घालून डग्गा कुठला आणि ढोल कुठला हे ठरवत बसू.

कर्वेनगर

माझं बूथ रविवारी रिकामं असतं. तिघं मावतील, दाटीवाटीने चार. पंखा बंद राहील, आधीच सांगते.