कर्व्यांचं चालणं आणि बाया

वर कुणीतरी महर्षी कर्व्यांबद्दल लिहिताना १९५८चं भारतरत्न आणि १०४ वर्षांचं आयुष्य एवढंच सांगितलंय. त्यात थोडी भर घालतो.

मला अण्णा, म्हणजे महर्षी कर्वे, आठवतात ते चालणारे. शाळकरी वयात कोकणातल्या मुरूडहून साताऱ्याला परीक्षेसाठी पायी गेले, घाट चढून. तिथं काय, तर 'वयानं लहान दिसतोस' म्हणून परीक्षेलाच बसू दिलं नाही! पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत असतानाही कॉलेज ते हिंगणे पायपीट चालूच. १८९६ साली काढलेला अनाथ बालिकाश्रम तोवर तिकडे माळरानावर गेला होता. हिंगणे म्हणजे आजचं कर्वेनगर; तिथं फ्लॅटचे भाव विचारणाऱ्यांना हे सांगून बघा.

पण खरं तर मला बायाबद्दल लिहायचं होतं. बाया म्हणजे अण्णांची बायको, गोदूबाई ऊर्फ आनंदीबाई कर्वे. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेली बालविधवा. १८९३मध्ये तिच्याशी लग्न केलं म्हणून मुरूडकरांनी अण्णांना वाळीत टाकलं, घरच्यांनाही धाक घातला. अण्णा मिळवलेला पैसा संस्थेत घालत आणि संसाराची ओढाताण बायाच्या वाट्याला. त्यांचा संयम आपण गुण म्हणून सांगतो, तिच्या संयमाचं नावही निघत नाही. तिची बहीण पार्वतीबाई आठवले तर संस्थेच्या निधीसाठी अमेरिकेपर्यंत जाऊन आली, तीही विधवाच.

पार्वतीबाईंवर इथं कुणी सविस्तर लिहील का? मी वाचायला बसलोच आहे.