नववीच्या मुलांना माहितीचा शोध घ्यायला कसे शिकवावे?

गोदाकाठ (भूगोल शिक्षिका, नाशिक):
नमस्कार. आमच्या शाळेत नववीला गोदावरीच्या पुरावर प्रकल्प असतो. वह्या सुबक असतात, मुखपृष्ठावर रामकुंडाचे चित्र असते, परंतु आतला मजकूर बहुतेक वह्यांत एकसारखाच: त्र्यंबकेश्वरजवळचा उगम, नदीची लांबी, काठावरची तीर्थक्षेत्रे. पुराबद्दल जेमतेम दोन ओळी. मुलांना मोबाईल सफाईने हाताळता येतो म्हणून शोधणेही जमत असेल असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात समोर आलेला पहिला मजकूर उतरवून घेण्यापलीकडे त्यांची मजल जात नाही. शोध कसा घ्यावा, त्यातले काय ग्राह्य धरावे आणि स्वतःचे उत्तर कसे मांडावे, हे आठवड्याच्या एका तासिकेत कोणी शिकवले असल्यास कृपया लिहावे.

ग्रंथपाल_नाशिक:
ताई, अडचण शोधण्याच्या आधीच सुरू होते. ‘गोदावरीचा पूर’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. आणि विषय दिला की मुले वर्णनच आणणार. अमेरिकेतील आयझेनबर्ग आणि बर्कोविट्झ यांनी शाळांसाठी माहितीशोधाच्या सहा पायऱ्या मांडल्या आहेत. त्यांतील पहिली पायरी आपल्याला नेमके काय हवे आहे ते ठरवण्याची, तर शेवटची आपले उत्तर आणि आपली शोधण्याची रीत तपासून पाहण्याची आहे. आपल्याकडे या दोन्ही गाळून मधल्या पायऱ्यांवरच सारा भर दिला जातो. ‘ऑगस्ट 2016 मध्ये गोदाकाठच्या दुकानांत पाणी शिरले, ते धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे की शहरात पडलेल्या पावसामुळे?’ असा प्रश्न दिला, तर कोणत्याही एका पानावरून उत्तर उतरवता येणार नाही.

एक तासिका वाचनालयात अवश्य घ्यावी. पुस्तके विषयवार क्रमांकांनी लावण्याच्या दशांश वर्गीकरणात पाऊस आणि जलविज्ञान 551 खाली सापडते, तर भारताच्या इतिहासाची पुस्तके 954 खाली. म्हणजे एकाच पुरासाठी दोन वेगळ्या कपाटांपाशी जावे लागते, हे मुलांना तिथे उभे राहूनच कळते. नाशिक जिल्ह्याची माहिती देणाऱ्या 1883 च्या इंग्रजी गॅझेटियर या सरकारी ग्रंथामध्ये मागची सूची पाहून हवे ते पान गाठायला लावावे. सबंध ग्रंथ न वाचता त्यातले नेमके काढता येते, हे कित्येक मुलांना तोवर ठाऊकच नसते.

जुने_सर:
वरील प्रश्न उत्तम आहे. वर्तमानपत्रांत पुराच्या दिवशी गंगापूर धरणाचा विसर्ग (सोडलेले पाणी) एक आणि शहरातल्या होळकर पुलाखालचा दुसराच छापून येतो. मुले लगेच म्हणतात, ‘सर, यातला एक आकडा चुकीचा आहे.’ खरे शिकवणे इथून पुढे सुरू होते. दोन्ही आकडे बरोबर असू शकतात, कारण ते वेगवेगळ्या ठिकाणी मोजलेले असतात आणि धरण व पूल यांच्यामध्ये पडलेला पाऊस व नाल्यांचे पाणी नदीला येऊन मिळते. आकडा कोणी, कुठे आणि केव्हा मोजला, हे विचारण्याची सवय अशा एका उदाहरणातून जितकी लागते, तितकी ‘विश्वसनीय संकेतस्थळे वापरा’ असे बजावून लागत नाही. त्याचबरोबर विसर्ग मोजण्याचे एकक असलेला क्युसेक म्हणजे सेकंदाला 1 घनफूट, सुमारे 28.3 लिटर, हे त्यांनाच काढायला सांगावे. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आले, ही काठावरच्या माणसांची मोजणीही टाकाऊ समजू नये; ती पुराव्याची निराळी जात आहे, एवढे स्पष्ट करावे.

पालक_सिडको:
कृत्रिम बुद्धिमत्तेकडून आलेल्या उत्तराचे काय करावे? घरी बंदी टिकत नाही.

जुने_सर:
बंदी घालू नये. त्या उत्तरातील प्रत्येक विधानासमोर मूळ आधार लिहायला सांगावा. ज्याला आधार सापडणार नाही, ते खोडावे. खोडलेल्या ओळींनाही गुण द्यावेत, कारण त्या शोधण्यातच मुलाचे श्रम गेलेले असतात.

गोदाकाठ:
आभारी आहे. यंदा वहीच्या डाव्या पानावर टिपण व त्याचा आधार आणि उजव्या पानावर मुलाच्या शब्दांतले उत्तर, अशी मांडणी ठेवून निम्मे गुण डाव्या पानाला देणार आहे. मुखपृष्ठाला गुण नाहीत.